विज्ञान-श्रुतिकेवर मत देण्याआधी तिच्यातली शांतता ऐका

साहसी विज्ञानकथेची श्रुतिका ऐकून झाली की मी लगेच मत लिहायला बसत नाही. पहिल्यांदा ती रात्री दिवा मालवून, हेडफोन लावून, एका बैठकीत ऐकते. मध्ये थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा, वही घेऊन. वहीत मिनिटं टिपायची: '१२:४०, कोण बोलतंय कळेना', '१९:०५, अंगावर काटा'.

आधी संवाद तपासा. ‘‘अरे बापरे, तो निळा प्राणी उजवीकडच्या दारातून आत येतोय!’’ असं पात्र म्हणालं, की लेखकाचा आवाजावर भरवसा नाही असं समजा. दार सरकतं, ओली पावलं वाजतात, कुणाचा तरी श्वास अडकतो. एवढं पुरे. प्राण्याचा रंग माझा मी ठरवते, आणि श्रुतिका मला एवढी आवडते ती त्यासाठीच.

ध्वनी महागड्या यंत्रातूनच यायला हवा असं नाही. १९६३ साली बीबीसीच्या ब्रायन हॉजसन यांनी 'डॉक्टर हू' या दूरचित्रवाणी मालिकेतल्या कालयानाचा आवाज घडवला, तो जुन्या पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून. पात्र यानात आहे, हेल्मेटमध्ये आहे की उघड्या मैदानात, हे डोळे मिटून सांगता आलं तर ध्वनियोजना जमली.

पण माझी खरी कसोटी शांततेची. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी मंगळवासीयांच्या स्वारीचं नाटक रेडिओवर बातमीपत्रासारखं सादर केलं. त्यात घटनास्थळावरून बोलणाऱ्या वार्ताहराचा आवाज वाक्याच्या मधेच तुटतो आणि काही सेकंद काहीच ऐकू येत नाही. किंकाळीपेक्षा ती पोकळी जास्त भिववते. म्हणून दुसऱ्या फेरीत मी मुद्दाम बघते: स्फोटानंतर लगेच संगीत ओतलंय, की ऐकणाऱ्याला क्षणभर एकटं सोडलंय?

विज्ञानाची चूक काढतानाही हेच लक्षात ठेवते. मंगळावरून रेडिओ संदेश पृथ्वीवर पोचायला, अंतरानुसार, साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. नायिका तिथून फोनवर बोलावं तशा गप्पा मारत असेल, तर नुसतं 'हे अशक्य' लिहून सोडू नका. कथेनं सुरुवातीलाच एखादं काल्पनिक संपर्कयंत्र दिलं असेल तर ते मान्य करा. नसेल, तर उत्तराची वाट पाहण्यातला आयता ताण लेखकानं वाया घालवला, हे लिहा. मला तरी ते फार खटकतं.

लिहिताना कथानक थोडक्यात आटपा, भागाच्या शेवटचा धक्का फोडू नका. 'आवाज छान' असं लिहिण्याऐवजी वहीतलं मिनिट सांगा आणि तिथे नेमकं काय ऐकू आलं ते लिहा. ध्वनियोजना कुणाची, ते नावही द्या. ते बहुतेकदा श्रेयनामावलीत अगदी शेवटी, घाईघाईत उच्चारलेलं असतं. तेवढ्यासाठी मी शेवटची दोन मिनिटं तिसऱ्यांदा लावते.