रब्बीत खतांची चाचणी घेताय? या चुका टाळा

सप्टेंबर उलटायला लागला की सोलापूर जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्रांत एकच चर्चा असते. ज्वारीला डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) की १०:२६:२६? हरभऱ्याला १२:३२:१६ की २०:२०:०:१३? (हे आकडे म्हणजे खतातलं नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचं टक्क्यांतलं प्रमाण; चौथा आकडा गंधकाचा.) शेजारी एक सांगतो, दुकानदार दुसरं. खरं उत्तर आपल्याच रानातल्या थोड्या गुंठ्यांत, शेजारी-शेजारी पट्ट्यांत वेगवेगळी खतं देऊन मिळतं आणि त्याला खर्चही फारसा लागत नाही. म्हणून प्रत्येक कोरडवाहू शेतकऱ्यानं अशी चाचणी घ्यावी असं मला मनापासून वाटतं. अडचण एवढीच की बऱ्याच चाचण्या पेरणीच्या दिवशीच बिघडतात आणि ते कळतं मळणीनंतर.

पोत्याला पोतं लावून तुलना करणं

सर्वात महागात पडणारी चूक हीच. एका पट्ट्यात डीएपीचं पोतं, दुसऱ्यात १०:२६:२६ चं, आणि ज्याचं धान्य जास्त ते खत चांगलं! पण ५० किलो डीएपीत २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असतं. १०:२६:२६ च्या तेवढ्याच पोत्यात स्फुरद १३, नत्र ५ आणि पालाश १३ किलो. डीएपीचा पट्टा सरस आला, तर तो डीएपीच्या गुणानं आला की जवळपास दुप्पट पडलेल्या स्फुरदानं, हे कसं कळणार?

आधी अन्नद्रव्यांचे किलो ठरवा, मग पोत्यांकडे वळा. मध्यम जमिनीतल्या कोरडवाहू रब्बी ज्वारीला राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद अशी आहे. म्हणजे एकरी साधारण १६ आणि ८. हे डीएपीतून द्यायचं तर साडेसतरा किलो डीएपी आणि २८ किलो युरिया. १०:२६:२६ मधून द्यायचं तर ३१ किलो ते खत आणि पुन्हा २८ किलोच युरिया. आता दोन्ही पट्ट्यांत नत्र-स्फुरद सारखं झालं, फरक उरला फक्त ८ किलो पालाशचा. आपल्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर असतो. त्यामुळे या ज्यादा पालाशाचे पैसे वसूल होतात का, हा प्रश्न तपासण्यासारखा आहे. पेरणीआधी माती परीक्षण करून घेतलं असेल तर निकाल वाचायला फार मदत होते.

हरभऱ्याचं गणित वेगळं. शिफारस हेक्टरी २५:५०:३० किलो नत्र-स्फुरद-पालाश, म्हणजे एकरी १०:२०:१२. साडेबासष्ट किलो १२:३२:१६ मधून साडेसात किलो नत्र, २० स्फुरद, १० पालाश मिळतं. हे शिफारशीच्या बरंच जवळ आहे. तेच २० किलो स्फुरद २०:२०:०:१३ मधून द्यायला १०० किलो खत लागतं आणि सोबत २० किलो नत्र जातं, गरजेच्या दुप्पट. जास्त नत्र मिळालं की हरभऱ्याच्या मुळांवर हवेतलं नत्र पुरवणाऱ्या गाठी कमी धरतात. गंधकाचा फायदाच तपासायचा असेल तर सिंगल सुपर फॉस्फेट घ्या: १२५ किलोतून २० किलो स्फुरद आणि जवळपास १४ किलो गंधक मिळतं. नत्र युरियातून भागवा आणि शेजारी नत्र-स्फुरद तेवढंच ठेवून डीएपीचा पट्टा घ्या.

बिनखताचा पट्टा न ठेवणं

एक गुंठा कोरा सोडायला जीव धजत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण तो नसेल तर खतानं मुळात किती वाढवलं हे कधीच कळत नाही. शिवाय आपली नेहमीची मात्रा असलेला एक पट्टाही हवाच.

जागेचा गुण खताच्या नावावर जाणं

आपलं रान एकसारखं नसतं. वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला काळी, बांधाला बाभळीची सावली. मागच्या उन्हाळ्यात जिथे मेंढरं बसवली तिथे पीक हिरवंगार असणारच. जुन्या उकिरड्याची जागाही तशीच. या जागा वगळा. प्रत्येक खताचे किमान तीन पट्टे घ्या आणि कुठला कुठे येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. ३३ बाय ३३ फुटांचा एक गुंठा सोयीचा, कारण एकरी मात्रेला ४० नं भागलं की झालं: साडेबासष्ट किलोचे १ किलो ५६० ग्रॅम. वजनकाटा वापरा, मूठ आणि घमेलं नको.

वाण, पेरणीचा दिवस, बियाण्याला जिवाणू संवर्धनाची प्रक्रिया, कोळपणी सगळीकडे सारखी ठेवा.

फोकलेलं आणि पेरलेलं खत एकाच मापानं तोलणं

चुनखडीच्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधला जातो. वर फोकलेला (हातानं विखुरलेला) स्फुरद मुळांपर्यंत नीट पोचत नाही. कोरडवाहूत वरचा थर वाळला की पोचतच नाही म्हणा. दोन चाड्यांच्या (एकातून बी, दुसऱ्यातून खत सोडायच्या) पाभरीनं खत बियाण्याच्या खाली-बाजूला पडलं पाहिजे आणि सगळ्या पट्ट्यांत तसंच पडलं पाहिजे. युरिया आणि सुपर फॉस्फेट कालवून ठेवू नका, मिश्रणाला पाणी सुटून चाडं तुंबतं. झिंक सल्फेटही स्फुरदयुक्त खतात मिसळू नका.

कापणीला घाई

कडेच्या ओळींना उजेड आणि ओल जास्त मिळते, शिवाय शेजारच्या पट्ट्याचं खतही. ज्वारीच्या दोन्ही कडांच्या दोन-दोन ओळी आणि दोन्ही टोकांचे तीन-तीन फूट सोडा. दीड फुटावर पेरणी असेल तर आत २७ बाय २७ फूट उरतात. इथे खूप जण चुकतात: कडा सोडूनही वजनाला ४० नंच गुणतात. या क्षेत्राला साधारण ६० नं गुणायला हवं.

कडबाही तोला. मालदांडी ज्वारीचा कडबा ज्या घरात दावणीचा आधार आहे, तिथे फक्त धान्य मोजून खताचा हिशोब अर्धाच राहतो. धान्य आणि कडबा सारखे वाळवून मगच काट्यावर ठेवा.

काही बिघडलंच तर

खताच्या पट्ट्यात उगवण विरळ आणि कोऱ्यात दाट असेल तर खत, विशेषतः युरिया, बियाण्याला चिकटून पडला आहे. त्या पट्ट्याचं उत्पन्न हिशोबात धरू नका.

हरभऱ्याचे शेंड्याचे पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते बहुधा लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. चुनखडी रानात पाणी साचल्यावर हे हमखास दिसतं. त्यावर युरिया टाकून उपयोग नाही आणि एकाच पट्ट्यात टाकला तर चाचणीही गेली. फेरस सल्फेटची फवारणी करायची तर सर्व पट्ट्यांवर करा.

सगळे पट्टे सारखेच आले तर निराश होऊ नका. कोरा पट्टाही बरोबरीनं आला असेल तर त्या वर्षी उत्पन्न कमी ओलीनं अडवलं असेल किंवा जमिनीत आधीचा साठा असेल. पावसाच्या नोंदीसह वजनं वहीत लिहा आणि पुढच्या रब्बीत पुन्हा पेरा. एका हंगामावरून खत बदलू नका. पट्ट्यांत फरक दिसला तरी वाढलेल्या धान्य-कडब्याची किंमत वाढलेल्या खताच्या खर्चाशी ताडून बघा. सर्वात जास्त पिकलेला पट्टा सर्वात जास्त पैसे देणारा असेलच असं नाही.