वरचा फोल्डर खाली उघडेना? दोन कॉम्प्युटरमधलं शेअरिंग कुठं अडलंय ते असं शोधा

बेळगावच्या शहापुरात आमचं दुमजली घर आहे. खाली रस्त्याकडेच्या खोलीत माझं डीटीपीचं काम चालतं: लग्नपत्रिका, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं, दुकानांची बिलबुकं. वर भाचा लग्नाचे अल्बम करतो. त्याचे फोटो मला पत्रिकेसाठी लागतात आणि माझा मराठी-कन्नड मजकूर त्याला अल्बमसाठी. तीनेक वर्षं दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांचे फोल्डर मुकाट उघडत होते. मग घरात फायबर घेतलं, राउटर बदलला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरून हाक आली, "मामा, तुमचा फोल्डर दिसेना झालाय की हो!"

मी वर जाईपर्यंत भाच्यानं व्हिडिओ बघून फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारा) बंद केली होती, पासवर्डची अट काढली होती आणि अँटिव्हायरसही उडवला होता. फोल्डर तरी दिसेना. शिवाय आता मूळ बिघाड कोणता आणि आपण केलेला कोणता, हे कळायला मार्ग उरला नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, एका वेळी एकच सेटिंग बदला आणि काय बदललं ते कागदावर लिहा. उपयोग झाला नाही तर पुढं जाण्याआधी ते पूर्ववत करा.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे त्याला मी 'देणारा' म्हणतो, दुसऱ्याला 'घेणारा'.

आधी पत्ते बघा

दोन्ही कॉम्प्युटरवर स्टार्ट दाबून सीएमडी टाइप करा आणि एंटर मारा. काळी खिडकी उघडली की त्यात आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजी अक्षरांत, सलग टाका. येणाऱ्या मजकुरात आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस अशी ओळ शोधा. घरात तो बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन आकडे सारखे हवेत, म्हणजे एक १९२.१६८.१.५ असेल तर दुसरा १९२.१६८.१.८ चालेल.

एखाद्याचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल काढून घाला, वायफाय पुन्हा जोडा. तोवर बाकी काही करून फायदा नाही.

आमच्याकडे खालचा पत्ता १९२.१६८.१ चा होता आणि वरचा १९२.१६८.० चा. कारण जुना राउटर फेकायला जीव होईना, म्हणून भाच्यानं तो वर लावला होता. नव्या राउटरची केबल त्यानं जुन्याच्या वॅन (बाहेरून इंटरनेट घ्यायची जागा) लिहिलेल्या भोकात घातली, आणि तिथून पुढं जुन्यानं आपला वेगळा संसार थाटला. इंटरनेट दोन्हीकडे उत्तम चालत असल्यानं कुणाला शंका येत नाही. अशा जोडणीची खूण म्हणजे वरून खालचा फोल्डर पत्ता टाकून एखादवेळेस उघडतो, खालून वरचा मात्र कधीच नाही.

उपाय दोन आहेत. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (स्वतः पत्ते न वाटता नव्या राउटरचंच नेटवर्क पुढं पोचवायची सोय) असेल तर तो चालू करा. नसेल तर त्याचा डीएचसीपी (म्हणजे पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता नव्या राउटरच्या रांगेतला पण वेगळा द्या (नव्याचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, नवा राउटर तोच पत्ता दुसऱ्या कुणाला देत नाही एवढं बघून) आणि केबल वॅनमधून काढून लॅनच्या (घरातले कॉम्प्युटर जोडायच्या) भोकात घाला.

आणखी एक साधी गोष्ट. घेणारा गेस्ट वायफायवर तर नाही ना? पाहुण्यांसाठीचं ते नेटवर्क घरातल्या इतर कॉम्प्युटरांपासून मुद्दाम तोडलेलं असतं. कॉम्प्युटरवर व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय) चालू असेल तर तेही तात्पुरतं बंद करून बघा.

नेटवर्कच्या यादीवर विसंबू नका

फाईल एक्सप्लोररमध्ये नेटवर्कवर टिचकी मारून दुसऱ्या कॉम्प्युटरचं चित्र दिसतंय का, हे सगळे बघतात आणि दिसलं नाही की हात टेकतात. माझ्या मते घरच्या नेटवर्कमधली सगळ्यात बेभरवशाची गोष्ट ही यादीच आहे. यादीत नाव नसताना फोल्डर उघडू शकतो, आणि नाव दिसत असूनही उघडेल याची खात्री नाही.

त्यापेक्षा घेणाऱ्यावर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि देणाऱ्याचा पत्ता लिहा: \\१९२.१६८.१.५. आकडे अर्थातच इंग्रजी. फोल्डर उघडला तर नेटवर्क धड आहे, फक्त यादीचा घोळ आहे. मग देणाऱ्यावर सर्व्हिसेसमध्ये जाऊन फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन ही सेवा ऑटोमॅटिक करून सुरू करा. तेही नको असेल तर उघडलेल्या फोल्डरवर राइट क्लिक करून मॅप नेटवर्क ड्राइव्ह करा आणि यादी विसरून जा.

उघडला नाही तर काय होतं ते नीट बघा. युजरनेम-पासवर्ड विचारला, तर वाट मोकळी आहे आणि दारावर अडलंय. मग पासवर्डच्या भागाकडे उडी मारा. खूप वेळ गोल फिरून ८००७००३५ नं संपणारा एरर आला, तर निरोप देणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. इथं लोक पिंग करून बघतात, पण विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देईलच असं नाही, त्यामुळे पिंग फसला म्हणून काही सिद्ध होत नाही. घेणाऱ्यावर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन, जागा सोडून देणाऱ्याचा पत्ता, पुन्हा जागा, मग -पोर्ट ४४५ असं इंग्रजीत टाइप करा. विंडोजच्या फाईली याच ४४५ क्रमांकाच्या दारानं येतात-जातात. शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर दार उघडं आहे, फॉल्स आलं तर पुढचा भाग तुमच्यासाठी.

राउटर बदलला की विंडोज घराला बाजार समजतं

राउटर बदलल्यावर विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क असतं. नव्या नेटवर्कला ते बहुतेक वेळा पब्लिक ठरवतं, म्हणजे खडे बाजारातल्या चहाच्या दुकानातलं वायफाय आणि तुमचं माजघर त्याला सारखंच. पब्लिकवर शेअरिंगचं दार बंद राहतं. आमचा दुसरा बिघाड हाच होता.

सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट उघडा, चालू असलेल्या वायफायच्या किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि प्रायव्हेट निवडा. दोन्ही कॉम्प्युटरवर. मग अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट या भागात नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाईल अँड प्रिंटर शेअरिंग ही दोन्ही चालू करा. विंडोज १० मध्ये हे कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये सापडतं.

एवढ्यानं विंडोजची फायरवॉल हवं ते दार आपोआप उघडते, ती बंद करायची गरज नसते. मात्र विकतचा अँटिव्हायरस असेल तर त्याची फायरवॉल वेगळी असू शकते आणि तिलाही हे नेटवर्क घरचं आहे म्हणून सांगावं लागतं.

पिन म्हणजे पासवर्ड नव्हे

लोक सगळ्यात जास्त वेळ इथं घालवतात. चौकट पासवर्ड मागते, माणूस रोज सकाळी टाकतो तो चार आकडी पिन टाकतो, चौकट नाही म्हणते, की माणूस चिडतो. पिन फक्त त्याच कॉम्प्युटरपुरता असतो, नेटवर्कवरून तो चालतच नाही. इथं देणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचं नाव आणि त्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर त्याचा ईमेल आणि पासवर्ड, जो बहुतेकांना आठवत नाही.

खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तर? तरीही चालत नाही. रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज समोर बसून आत येऊ देतं, नेटवर्कवरून नाही.

मी भाच्याला सांगितलेली युक्ती अशी. देणाऱ्यावर सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथून एक नवं साधं खातं काढायचं. मायक्रोसॉफ्ट खातं मागितलं की ते नाही असं सांगून लोकल खातं निवडायचं. नाव इंग्रजीत, छोटं, आणि पासवर्ड नक्की ठेवायचा. या खात्यानं कधी लॉगिन करायचं नाही, ते फक्त शेअरिंगसाठी. मग घेणाऱ्यावर युजरनेममध्ये देणाऱ्या कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी तिरपी रेघ आणि हे खातं असं लिहायचं, आणि पासवर्ड लक्षात ठेवण्याच्या चौकोनात खूण करायची. देणाऱ्या कॉम्प्युटरचं नावही १५ अक्षरांच्या आत आणि इंग्रजीत असलेलं बरं.

आपल्या भागातली एक खास गोम सांगायलाच हवी. माझ्या कॉम्प्युटरवर मराठी, कन्नड, इंग्रजी असे तीन कीबोर्ड आहेत. पत्रिकेचा कन्नड मजकूर टाइप करता करता पासवर्डची चौकट उघडली की पासवर्ड कन्नडमध्ये पडतो, आणि वर नुसते ठिपके दिसत असल्यानं कळतही नाही. घड्याळाशेजारी कोणती भाषा आहे ते बघा, विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या, शंका असेल तर डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारून काय पडलंय ते वाचा.

पासवर्ड बरोबर असून नकार येत असेल तर घेणाऱ्यानं जुना पासवर्ड साठवून ठेवलेला असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर, तिथं विंडोज क्रेडेन्शियल्स, आणि देणाऱ्याच्या नावाची वा पत्त्याची नोंद काढून टाका. १२१९ क्रमांकाचा एरर आला तर घेणारा आधीच दुसऱ्या नावानं आत जाऊन बसलाय. काळ्या खिडकीत नेट यूज, जागा, तारांकन, जागा, /डिलीट असं इंग्रजीत टाका, किंवा सरळ रीस्टार्ट करा.

उघडतं, पण सेव्ह होत नाही

फोल्डरवर दोन वेगळी कुलपं असतात. एक शेअरिंग टॅबमधलं, दुसरं सिक्युरिटी टॅबमधलं, आणि दोन्हींपैकी जे कडक तेच लागू होतं. अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमधून फोल्डर दिला तर सुरुवातीला फक्त वाचायची परवानगी मिळते. म्हणून शेअर असं लिहिलेलं साधं बटण वापरा, नवं खातं निवडा आणि त्याच्यापुढं रीड/राइट करा. त्यानं दोन्ही कुलपं एकदम उघडतात. अख्खा सी ड्राइव्ह मात्र कधी शेअर करू नका, कामाचा एक फोल्डर पुरे.

काल चालत होतं, आज नाही

देणारा झोपलाय का बघा. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर करा. आणि पावसाळ्यात लाईट गेली-आली की राउटर नव्यानं पत्ते वाटतो. काल १.५ असलेला कॉम्प्युटर आज १.९ झालेला असतो आणि तुमचा मॅप केलेला ड्राइव्ह जुन्या घरी जाऊन दार वाजवत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन करून देणाऱ्याला कायमचा एकच पत्ता द्या.

एक्सपी आणि राउटरला लावलेली डिस्क

काही छापखान्यांत जुन्या मशीनसाठी विंडोज एक्सपी अजून जपून ठेवलेलं असतं. ते फक्त एसएमबी १ ही फाईल शेअरिंगची जुनी पद्धत बोलतं, आणि विंडोज १० मध्ये २०१७ पासून ती मुळात घातलेलीच नसते. ती चालू करायचे व्हिडिओ सापडतील, करू नका. त्याच वर्षी मे महिन्यात जगभर पसरलेलं वॉनाक्राय (फाईली ओलीस धरून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) याच पद्धतीतल्या भगदाडातून शिरलं होतं. एक्सपीसाठी पेनड्राइव्ह वापरा.

राउटरला यूएसबी डिस्क लावून तीच शेअर करत असाल आणि विंडोज ११ प्रोला २०२४ चं २४एच२ अपडेट घेतल्यावर ती बंद पडली असेल, तर कारण असं की आता विंडोज प्रत्येक निरोपावर सही मागतं आणि बिनपासवर्डी गेस्ट प्रवेश नाकारतं. डिस्कला राउटरमध्ये युजर-पासवर्ड ठेवून बघा, राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा.

चालतं, पण रडतखडत

अल्बमचा १० जीबीचा फोल्डर १०० एमबीपीएसच्या केबलवरून यायला पंधरा मिनिटं लागतात, गिगाबिटवरून दीडेक मिनिट. राउटर आणि दोन्ही कॉम्प्युटर गिगाबिटचे असून वेग १०० वरच अडकला असेल तर बहुधा केबलमधली एखादी जोडी तुटलेली असते किंवा टोकाचा कनेक्टर नीट बसलेला नसतो. दगडमातीच्या जाड भिंतींच्या जुन्या घरात वायफायवर वेळ घालवू नका, जिन्यातून एक कॅट-६ केबल ओढा.

आणि फाईल आली, उघडली, पण अक्षरांच्या जागी किडेमुंग्या दिसल्या, तर तो शेअरिंगचा दोष नव्हे. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसेल तर असाच दिसतो. मी भाच्याला आता मजकूर कोरलमध्ये कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या बनवूनच, पाठवतो. मग फॉन्ट नसला तरी चालतं, फक्त नवऱ्या मुलाच्या नावातली वेलांटी चुकलेली निघाली की फाईल पुन्हा खाली माझ्याकडे येते.