रहस्यमालिका आणि गुन्ह्यावरचा माहितीपट : पाहण्याच्या दोन निराळ्या रीती

शनिवारी रात्री जेवणे आटोपली की आमच्या ठाण्यातील नौपाड्याच्या घरी आई, मी आणि कॉलेजात जाणारा भाचा असे तिघे ओटीटीवर गुन्ह्याची एखादी कथा लावून बसतो. काही वर्षांच्या या नेमातून माझे एक मत पक्के झाले आहे. कल्पित रहस्यमालिका आणि खऱ्या गुन्ह्यावरचा माहितीपट पडद्यावर एकाच रांगेत मांडलेले दिसले, तरी ते एकाच नजरेने पाहू नयेत. रहस्यमालिकेत खुनी ओळखण्याची चढाओढ मनमुराद खेळावी. माहितीपटात मात्र तो मोह आवरावा, कारण तेथे गेलेले माणूस खरोखर गेलेले असते आणि ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, त्याचा खटला पुष्कळदा संपलेला नसतो.

रहस्यमालिकेची रीत सोपी आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, पहिला भाग पुढे ढकलत पाहू नये आणि मालिका परभाषेतील असेल तर डबिंगपेक्षा मूळ आवाज व उपशीर्षके निवडावीत, कारण उत्तर देताना अडखळलेला आवाज हाच कित्येकदा दुवा असतो. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले होते. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असावा आणि गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, हे त्यांतील दोन नियम मी आजही कसोटी म्हणून वापरते. शेवटचा भाग संपला की पहिला भाग पुन्हा लावावा. खुन्याची तेथील प्रत्येक हालचाल दोन्ही अर्थांनी पटली, तर मालिका चांगली. आठव्या भागात अचानक उगवलेला जुळा भाऊ खुनी निघाला, तर आपली फसवणूक झाली असे खुशाल म्हणावे.

माहितीपटासाठी तयारी अधिक लागते. सुरू करण्यापूर्वी खटला कोठवर आला आहे ते पाहावे. केरळमधील कूडत्तायी येथे २००२ ते २०१६ या काळात एकाच कुटुंबातील सहा जणांचे मृत्यू झाले, २०१९ मध्ये अटक झाली आणि ‘करी अँड सायनाइड’ हा माहितीपट २०२३ मध्ये आला, तेव्हा खटला चालूच होता. आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातील जंगलात अवशेष सापडल्याने गाजलेल्या शीना बोरा हत्या प्रकरणावरील माहितीपट तर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. सीबीआयने प्रदर्शन थांबवण्याची मागणी केली, न्यायमूर्तींनी तो स्वतः पाहिला आणि मगच स्थगिती नाकारली. खटल्याची ओळख सांगणारा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक मिळाला, तर न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर पुढची तारीख कोणालाही पाहता येते.

पाहताना प्रत्येक दृश्याची जात ओळखावी. ही युक्ती मला आईने शिकवली. एका माहितीपटात वाटीत पांढरी पूड मिसळणारा हात जवळून दिसत होता, खिडकीतून ऊन येत होते, मागे सतारीसारखे काहीतरी वाजत होते. आई म्हणाली, ‘‘अगं, हे घडत होतं तेव्हा तिथे कॅमेरा कुणी लावला होता?’’ तो हात एका नटाचा होता. तेव्हापासून मी मूळ चित्रण, मुलाखत आणि नटांकडून करवून घेतलेले दृश्य अशी मनात विभागणी करते आणि तिसऱ्या प्रकारावरून कोणाविषयीही मत बनवत नाही.

‘त्याने कबुली दिली’ हे वाक्य आले की तर थांबावेच. आपल्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. त्या जबाबातून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर तेवढ्याच संबंधित भागाला किंमत असते. संमतीवाचून केलेली नार्को चाचणी, म्हणजे गुंगीचे औषध देऊन केलेली विचारपूस, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच घटनाबाह्य ठरवली, तरीही ‘नार्कोत सगळे बाहेर आले’ असे निवेदक ठासून सांगतात तेव्हा मला मनापासून चीड येते.

ज्यांना जमेल त्यांनी कोर्ट नाक्यावरील जिल्हा न्यायालयात एखादी सकाळ अवश्य घालवावी. फौजदारी सुनावणी सहसा खुल्या न्यायालयात होते आणि मागच्या बाकावर शांतपणे बसता येते. मी बसले होते त्या दिवशी एका पंचाची उलटतपासणी चालली होती. पुडक्यावर लाखेचे सील तुमच्यासमोर लागले का, सही आधी केली की नंतर, कागद कोणी वाचून दाखवला, एवढ्यावरच अर्धा तास गेला. पंच घामाघूम झाला होता. त्यानंतर पंचनामा दोन सेकंदांत उरकणारा माहितीपट मला अपुरा वाटू लागला.

घरात मुले असल्यास यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए या खुणा पाहून पालकनियंत्रण लावावे, हे वेगळे सांगायला नको.

संपल्यावर मी वहीत एक नोंद करते आणि इतरांनीही ती करावी असा माझा आग्रह आहे : गेलेली माणसे मरण्याव्यतिरिक्त काय करत होती? दिल्लीतील बुराडी येथे १ जुलै २०१८ रोजी एकाच घरातील अकरा जण मृतावस्थेत सापडले. त्यावरचा तीन भागांचा माहितीपट संपल्यावर भाचा त्या घरात सापडलेल्या वह्या आणि भिंतीतून बाहेर आलेले पाइप यांविषयीच बोलत राहिला. आईने त्याच्याकडून वही घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिले : किराणा दुकान, प्लायवूडचा व्यवसाय, घरात नुकताच साखरपुडा झालेला.