ट्रान्सम सुटलाय? वरून मॅट मारू नका

"दादा, वरून दोन मॅट मार, एवढा सीझन निघू दे." बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात बोटी दुरुस्त करताना हे नेहमी ऐकतो. मारून द्यायला काय, तासाभराचं काम. पण आऊटबोर्ड मशीन, म्हणजे बोटीबाहेर लटकणारं इंजिन, टांगतो ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, आतून सुटला असेल तर मॅटने, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून चिकटवलेल्या काचतंतूंच्या चादरीने, भेग नुसती झाकते. जुन्या फायबर बोटीत दोन थरांच्या मधे प्लाय असतो. मशीनच्या बोल्टांच्या आणि पाणी काढायच्या बुचाच्या भोकांतून खारं पाणी झिरपतं, प्लाय कुजतो आणि फायबर त्याला सोडतं.

आधी मशीन उतरवा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फळीभर ठोकत जा. धड जागी टणटणीत वाजतं, सुटलेल्या जागी बद्द. बद्द जागेभोवती खडूने रेघ मारा. मग आतल्या बाजूने, अगदी खाली, ६ एमएमच्या बिटने प्लायपुरतं भोक पाडा आणि निघालेला भुसा बोटांत चोळा. कोरडा, पिवळट असेल तर वाचलात. भोकांतून सिरिंजने इपॉक्सी (हार्डनर घालून कालवायचं चिकट रेझिन) भरा, दोन्हीकडून पाट्या लावून आवळा, झालं. पण बिटला काळा चिखल आला, आंबूस वास सुटला, भोकातून तांबूस पाणी ठिबकलं, तर प्लाय काढायचाच.

हे काम पावसाआधी उरका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून तेव्हा बोट रिकामी असते खरी, पण त्या हवेत भिजलेलं काही सुकत नाही. मे महिन्यातल्या उधाणाच्या भरतीला बोट वर ओढून घ्या आणि काठापासून काठापर्यंत आडवं लाकूड पक्कं करा, नाहीतर ट्रान्सम कापल्यावर बाजू फाकतात.

आतलं फायबर कडेने ३-४ इंच सोडून ग्राइंडरने कापा. बाहेरचं तसंच ठेवा, तोच तुमचा साचा. मास्क लावा. धुळीने अंग खाजतं म्हणून सगळे बोंबलतात, छातीत जाते त्याचं कुणाला काही नाही. कुजका प्लाय पटाशीने खरवडा, मग गोड्या पाण्याने धुवा. मीठ राहिलं तर ते ओल ओढत राहतं. पूर्ण सुकल्यावर जाड पॉलिशपेपरने फायबरची चकाकी घालवा.

पुठ्ठ्यावर आकार उतरवून आयएस ७१० मरीन प्लाय कापा. जुनी जाडी मोजून घ्या. १८ एमएमचे दोन तुकडे चिकटवून बहुतेक वेळा जमतं. पातळ इपॉक्सी सगळीकडून पाजा, कडांना दोनदा. मग इपॉक्सीत सिलिका पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट करा, थापा आणि प्लाय बसवा. क्लॅम्प आवळताना कडेने माल डोकावला की थांबा. जोर काढलात तर सगळा बाहेर येईल आणि सांधा कोरडा राहील.

रेझिनमध्ये काटकसर नको. एमआयडीसीत टाक्यांसाठी वापरतात ते पॉलिएस्टर नव्या बोटीला ठीक, जुन्या फायबरला इपॉक्सीच घट्ट धरते. मात्र तिच्याबरोबर साधी मॅट नको. त्या मॅटचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत नाही. विणलेलं ग्लासचं कापड घ्या. आणि कुणी पॉलिएस्टर वापरतच असेल तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करायला घालतात ते) नि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नका, भडका उडतो.

आतल्या कोपऱ्यांना त्याच घट्ट मालाने गोलाई द्या, कारण काटकोनात कापड बसत नाही, खाली हवा राहते. मग थर चढवा, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा २ इंच बाहेर, बोटीच्या तळावर आणि बाजूंवरही नेत. उन्हात डबाभर इपॉक्सी कालवलीत तर डब्यातच धुरावते; पसरट ताटात थोडी थोडी कालवा, भल्या सकाळी. रातभर सुकल्यावर वर तेलकट थर दिसला तर पाण्याने घासून काढा, मगच पुढचं.

बोल्टांची भोकं हवी त्याहून मोठी पाडा, घट्ट इपॉक्सीने बुजवा आणि मधोमध पुन्हा योग्य मापाने पाडा. बुचाच्या भोकालाही तेच. म्हणजे पुढे सीलंट सुटलं तरी पाणी प्लायपर्यंत जात नाही. बोल्ट मरीन सीलंट लावूनच बसवा, आतून मोठे वॉशर घाला आणि पहिली फेरी मारून आलात की पुन्हा एकदा पाना फिरवा.