ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही? या चुका टाळा

ऐन पेरणीत चावी फिरवली आणि ट्रॅक्टर सुरू झाला नाही, की पहिला संशय बॅटरीवर जातो. "गेली बॅटरी, नवी टाक," असं चार जण सांगतात. नवी बॅटरी बसते, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. दोष पुष्कळदा गंजलेल्या टर्मिनलात किंवा अर्थिंगच्या केबलमध्ये, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह चासीला जोडणाऱ्या केबलमध्ये असतो. म्हणून पैसे काढण्याआधी आवाज ऐका.

चावी फिरवल्यावर घाईघाईने टकटकटक असा आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकदाच 'टक्' होऊन शांत झालं, तर सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) आतले पॉइंट, जाड केबल किंवा खुद्द सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर तपासा. काहीच आवाज नाही आणि हेडलाइट मात्र लख्ख, याचा अर्थ सोलेनॉइडपर्यंत करंटच पोचत नाही. तिथे फ्यूज, चावीचा स्विच आणि क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच बघायचा. क्लच पूर्ण दाबला आहे ना, गिअर न्यूट्रलला आहे ना, हे आधी पाहून घ्या. उंदरांनी वायर कुरतडलेली असणं तर शेडमधल्या ट्रॅक्टरला नेहमीचंच. आणि इंजिन जोमात फिरतंय पण पेट घेत नाही, तर वायरिंगच्या मागे लागू नका. डिझेलमध्ये हवा धरली असेल, नाहीतर इंजिन बंद करायचा नॉब ओढलेलाच राहिला असेल.

सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते जोडांकडे. सेल्फ फिरताना शेकडो अँपिअर करंट ओढतो, त्यामुळे जरासा गंजही त्याची वाट अडवतो. साधा मल्टिमीटर घ्या. ट्रॅक्टर काही तास बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट दिसतात. 12.4 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. मग खरी परीक्षा: मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरी त्याच खांबावर बसलेल्या क्लॅम्पवर टेकवा, आणि कुणाला तरी सीटवर बसवून सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याच्या जवळ हवा. तिथे अर्धा व्होल्ट दिसला, तर खांब आणि क्लॅम्प यांच्यामधली काळी साय करंट खातेय. बाहेरून क्लॅम्प चकचकीत दिसत असला तरीही. अर्थिंगची केबल चासीला जिथे बोल्टने जोडली आहे, तिथलंही असंच. रंग आणि चिखलाचा थर खरवडून धातू उघडा करा, मग बोल्ट आवळा.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुता येते, फक्त ते पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरीत बोअरचं पाणी किंवा वरून ॲसिड ओतू नका. डिस्टिल्ड वॉटरच हवं.

आता सगळ्यात घातक सवय. चावीने जमत नाही म्हणून जमिनीवर उभं राहून सेल्फवर पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकवून शॉर्ट करतात. त्यात सेफ्टी स्विच बाजूलाच पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर इंजिन सुरू होताच चाक फिरतं, आणि माणूस नेमका मागच्या चाकासमोर उभा असतो. अशाने माणसं चिरडून मेली आहेत. कितीही घाई असो, हे करू नका, आणि घरातल्या पोरांना करू देऊ नका. सेफ्टी स्विच बिघडला तर बदला, डायरेक्ट जोडू नका.

दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना ट्रकची 24 व्होल्टची जोडणी 12 व्होल्टच्या ट्रॅक्टरला लावली, तर वायरिंग आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जळू शकतात. निगेटिव्हचं शेवटचं टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या धातूला लावा, बॅटरीवर नको. तिथे गॅस साचलेला असतो आणि ठिणगीने बॅटरी फुटू शकते. सेल्फही सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर वाइंडिंग तापून जळतं.

हे सगळं ठीक असूनही बॅटरी वारंवार उतरत असेल, तर इंजिन चालू असताना व्होल्ट मोजा. 13.8 ते 14.4 च्या आसपास नसतील, तर अल्टरनेटरचा पट्टा ढिला आहे का बघा. पट्टा ताणलेला असेल, तर अल्टरनेटर काढून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या.