उन्हाळा लागण्याआधी जुन्या गाडीला ऑइल प्रेशरचं मीटर: तयारीची यादी

लाल दिवा विझलेला आहे म्हणजे ऑइल प्रेशर बरोबर आहे, असं धरून चालू नका. मारुती ८०० किंवा ओम्नीसारख्या जुन्या गाड्यांत नुसता दिवाच असतो आणि त्याचा इंजिनावरचा स्विच प्रेशर साधारण ५ पीएसआयच्या (प्रेशर मोजायचं एकक) आसपास उतरल्यावरच दिवा पेटवतो. पळत्या गाडीत तेवढंच प्रेशर उरलं, तर बेअरिंगं तोवर सुकी घासत असतात. त्यात अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेल जितकं तापेल तितकं पातळ होतं आणि प्रेशर उतरतं. म्हणून हे काम होळीच्या आधी उरका.

सामान तालुक्याला मिळेलच असं नाही, नागपूर किंवा अमरावती गाठावं लागतं. ती चक्कर फुकट जाऊ नये म्हणून दिव्याचा जुना स्विच काढून सोबत न्या, नवं सामान त्याच्याच आट्यांत बसवायचं आहे. आटे डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. आट्यांची दोन मापं असतात: १/८ बीएसपीला इंचात २८ आटे, १/८ एनपीटीला २७. चुकीच्या मापाचेही दोन फेरे सहज बसतात, पुढे जोर लावला की ब्लॉकमधले आटे जातात, आणि मग खर्च मीटरच्या कितीतरी पट.

मीटर आणि सेंडर (इंजिनाकडे बसून प्रेशर मोजणारा, मीटरला वायरनं कळवणारा भाग) एकाच जोडीचे घ्या. याबाबत दुकानदाराचं ‘चालते ना भाऊ’ ऐकू नका. काही सेंडरांचा रोध प्रेशरबरोबर १० ओहमपासून १८० पर्यंत चढतो, काहींचा २४० वरून ३३ वर उतरतो. जोडी चुकली तर काटा चक्क उलटा फिरतो. रोधातला फरक थोडा असेल तर जास्त वाईट, कारण काटा हलतो, पटतो आणि खोटं सांगतो.

जुना दिवा काढू नका, टी (तीन तोंडांचा जोड) लावून दिवा आणि मीटर दोन्ही ठेवा. पण पितळी टीवर जड सेंडर थेट ब्लॉकला लटकवला तर आपल्या पांदण रस्त्यांच्या हादऱ्यांनी टी तडकते आणि सगळं तेल बाहेर. प्रेशरचा लवचिक होज (नळी) घेऊन सेंडर इंजिनामागच्या पत्र्याला घट्ट बसवा. तिथे त्याला वेगळी अर्थिंगची (गाडीच्या बॉडीला जोडायची) वायर लागेल. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका: तुकडे तेलाच्या वाटेत जातात, आणि वायरीचं एकच टोक असलेल्या सेंडरचं आट्यांतून मिळणारं अर्थिंगही तुटू शकतं. वायर चावीनंतरच्या लाइनवरून, फ्यूज लावून घ्या. वायर जाते त्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रिंग) हवाच.

त्याच दिवशी कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं नवं तेल आणि फिल्टर टाका. मग मिस्त्रीकडचं नळीचं मेकॅनिकल मीटर थोडा वेळ जोडून दोन्ही आकडे ताडून बघा. हे केल्याशिवाय नव्या काट्यावर विश्वास नको. जुळले की वहीत तीन आकडे लिहा: थंड इंजिनाचा, तापल्यावर आयडलचा (गाडी उभी, इंजिन चालू), आणि तापलेली गाडी चौथ्या गियरात ५० ला असतानाचा. इंजिनाच्या मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय हा मिस्त्री लोकांचा ढोबळ हिशेब आहे, पण खरी तुलना या तीन आकड्यांशी आणि गाडीच्या मॅन्युअलशी करा. तापल्यावर आयडलला काटा खाली येणारच, त्यानं घाबरू नका.

घरात जो कोणी गाडी चालवतो त्याला एवढं पक्कं सांगा: चालताना काटा एकदम पडला तर गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद, मग डिपस्टिकनं तेलाची पातळी बघा. गाव समोर दिसत असलं तरी.