धोटा काढता येत नाही, हात काढा

मागच्या महिन्यात गल्लीतलं एक पोरगं आलं, बारावी झालेलं, म्हणे दादा कॉमिक्स काढायचंय, टॅबलेट कुठला घेऊ. म्हटलं वही दाखव बे आधी. वहीत सगळे जपानी टोकदार केसवाले हिरो, मोबाईलवरनं बघून काढलेले, हात बरा होता पण सगळ्या वहीत सोलापूर कुठंच नाही, एक रिक्षा नाही की एक चादर नाही. मीपण तसाच होतो, एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली तेव्हा सुरई आणि फळं घोटून घोटून काढलेली, त्यामुळं शेडिंग यायचं पण चालता माणूस यायचा नाही.

मला खरं शिकवलं सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांनी. ओळखीच्या एकाच्या कारखान्यात जाऊन बसायचो, टॉवेलचे माग, आवाज एवढा की शेजारचा काय बोलतोय ते ओठांवरनं कळून घ्यायचं. पहिले तीन-चार दिवस धोटा, म्हणजे मागात आडवं सूत नेणारा तुकडा, काढायच्या मागं लागलो, तो इकडनं तिकडं जातो ते दिसतच नाही तर काढणार काय, कागदावर नुसत्या रेघोट्या. मग सूत तुटलं, माग थांबला, कामगार वाकला, दोन टोकं चिमटीत धरून अंगठ्यानं पीळ दिला, गाठ झाली, परत माग सुरू. हे त्यानं दिवसभर केलं आणि मी दिवसभर तेवढे दोन हातच काढले, साध्या बॉलपेननं, खोडायची सोयच नाही. माझं पहिलं बरं पान त्याच हातांचं, चार चौकटी, संवाद शून्य. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं बघा, शब्द नसताना हसू येतं, ते माझ्या डोक्यात तेव्हापासनं बसलंय.

गर्दी काढायची भीती वाटत असेल तर जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला जावा. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंदीतली एवढी माणसं असतात की प्रत्येकाला नाक-डोळे द्यायला गेलात तर रात्र होईल. पुढचे तिघं नीट काढायचे, मागं नुसती डोकी, आणि नंदीध्वजाच्या सात उंच काठ्या वर आल्या की जागा आपोआप ओळखू येते. होम मैदानावर पाळण्यांपाशी मात्र उभं राहून काढू नका, धक्के बसतात, कोपऱ्यात चहावाल्याजवळ बसा, तो हाकलत नाही.

आता संवादाच्या फुग्यांचं सांगतो कारण ह्यात मी स्वतः माती खाल्लीय. इंग्रजी व्हिडिओ बघून आधी फुगे काढले, नंतर मजकूर भरायला बसलो, तर बसेचना. त्यांची कॉमिक्समधली कॅपिटल अक्षरं सगळी एका उंचीची, आपल्याकडं वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. मग आधी पेन्सिलीनं वाक्य लिहायचं, दोन ओळींत मोकळी जागा सोडायची आणि मगच भोवती फुगा. जो आधी बोलतो तो डावीकडं. कॉम्प्युटरवर टाईप करणार असाल तर जोडाक्षरं फुटली नाहीत ना ते प्रत्येक फुग्यात बघा, मी हातानंच लिहितो. आणि आपलं "करायलाय की बे" हे पुस्तकी करत बसू नका, पात्र लगेच खोटं वाटतं.

छपाईचं थोडक्यात. पान ३०० डीपीआयला स्कॅन करा, चित्र कडेपर्यंत जात असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त ठेवा आणि मजकूर कडेपासनं निदान ५ मिलिमीटर आत. माझ्या पहिल्या पुस्तिकेत कटिंगमध्ये शेवटच्या फुग्यातला "नाही" गेला, म्हणजे नवरा बायकोला म्हणतोय "मी पिणार", पन्नास प्रती तशाच वाटल्या.

सध्या उन्हामुळं दुपारी बाहेर काढणं बंदच, संध्याकाळी कंबर तलावावर जातो, परवा हातगाडीखाली झोपलेलं कुत्रं आणि गाडीवर झोपलेला मालक, दोघांचे पाय एकाच कोनात, ते पान पूर्ण करायचंय.

ते पोरगं काल परत आलं. टॅबलेट घेतला नाही, वही नवीन. आज्जी कडक भाकरी विकतीय, गिऱ्हाईक मोडून बघतंय, मधल्या चौकटीत एवढंच, मोठ्या अक्षरात, "कट्ट". मी हसलो बघून. फक्त आज्जीचा उजवा हात डावा झालाय, म्हटलं घरी जाऊन तिच्यापुढं बस आणि वीस वेळा काढ, तर म्हणतंय आज्जी पैसे मागायलीय बसायचे.